मावशी, ताई आणि उमेदवारी

रविवार, रात्र

'त्या बायका म्हणजे पुरुषांच्या हातातल्या बाहुल्या.' उजव्या राजकारणातल्या स्त्रियांचा विषय निघाला की माझ्या मैत्रिणी हे हमखास म्हणतात. आज पुन्हा ऐकलं आणि राग आला. माझं मत या मैत्रिणींच्या बाजूने पडतं, संघ परिवाराच्या नाही. तरीही हे वाक्य खोटं आहे असं मला मनापासून वाटतं.

लक्ष्मीबाई केळकरांचंच बघा, सेविकांच्या 'मावशीं'चं. १९३२ मध्ये नवरा गेला तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. मुलं संघाच्या शाखेत जायची. तिथली शिस्त पाहून, हे मुलींना का नको, असा प्रश्न घेऊन त्या डॉ. हेडगेवारांना भेटल्या. संघात स्त्रियांना प्रवेश नव्हता, आजही नाही. मग १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात राष्ट्र सेविका समिती वेगळी उभी राहिली. त्याच वर्षी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले होते. त्याच मुलखात एक विधवा बाई मुलींच्या हातात लाठी देत होती. त्या काळच्या ब्राह्मणी घरात विधवेने कसं राहावं याचे दंडक आठवले की त्यातलं धाडस कळतं.

त्या रामायणावर प्रवचनंही करत. मला वाटतं, त्यांची खरी हुशारी तिथे होती. लेकीला शाखेत पाठवायला बिचकणारे घरातले वडीलधारे प्रवचनाला मात्र आनंदाने बसत. जिजाऊंचं मातृत्व, अहिल्याबाईंचं कर्तृत्व, झाशीच्या राणीचं नेतृत्व, असे आदर्श त्यांनी समोर ठेवले. यांना नाही कोण म्हणणार? घराशी भांडण न मांडता घराबाहेर पडायचा रस्ता त्यांनी केला. ऑगस्ट १९४७ मध्ये, ऐन फाळणीत, मावशी विमानाने कराचीला गेल्या, सिंधमधल्या सेविकांना धीर द्यायला. बाहुल्या असं करत नाहीत.

माझी आत्याही समितीत जायची. पांढरी साडी, गुलाबी काठ. मुस्लिमांबद्दल ती जे बोलायची ते मला तेव्हाही सहन व्हायचं नाही, आजही होत नाही. पण सासरी चार माणसांत मान वर करून बोलायला, सभा चालवायला, हिशेब ठेवायला ती शिकली ती शाखेतच. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीसाठी मी दुसरी पुसणार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. पहिल्या पिढीने वापरलेला तो रस्ता पुढच्या पिढ्यांसाठी कुंपण झाला. चिपळूणच्या सुमित्रा महाजन, म्हणजे 'ताई', १९८९ मध्ये भाजपकडून इंदूरची सून म्हणून मतदारांपुढे गेल्या आणि प्रकाशचंद्र सेठींसारख्या मध्य प्रदेशच्या माजी मुख्यमंत्र्याला त्यांनी हरवलं. एकाच मतदारसंघातून सलग आठ वेळा निवडून आल्या, २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. एवढं करूनही २०१९ मध्ये पक्ष इंदूरचं नाव जाहीर करेना, तेव्हा निवडणूक लढवणार नाही असं त्यांनी स्वतःच पत्र लिहून कळवलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही, असा पक्षाचा नियम होता म्हणतात. असेल. पण ते पत्र वाचताना मला वाईट वाटलं. मोठेपणा बाईनेच दाखवायचा, हे किती गृहीत धरलेलं असतं!

भाजपची स्थापना १९८० ची. विजयाराजे शिंदे पहिल्यापासून पक्षासोबत होत्या, पुढे सुषमा स्वराज आल्या, वसुंधरा राजे दोनदा राजस्थानच्या मुख्यमंत्री झाल्या. राष्ट्रीय अध्यक्षपदी मात्र आजवर एकही स्त्री नाही. आणि हे फक्त भाजपचंच दुखणं नाही. महाराष्ट्राला अजून एकाही पक्षाने स्त्री मुख्यमंत्री दिलेली नाही. २०२४ मध्ये विधानसभेत २८८ पैकी स्त्रिया आल्या २१. त्यातल्या १४ भाजपच्या, हेही माझ्या मैत्रिणींनी लक्षात घ्यावं.

त्याच निवडणुकीआधी लाडक्या बहिणीच्या खात्यात महिना १५०० रुपये येऊ लागले. ते पैसे बायकांच्या उपयोगी पडतात, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण बहिणीला ओवाळणी आणि भावाला उमेदवारी, ही वाटणी मला मान्य नाही. हळदीकुंकवाला बायका जमवायच्या, मतदार याद्या घेऊन उन्हात दारोदार फिरायचं, बूथवर दिवसभर थांबायचं, आणि तिकीट वाटपाच्या बैठकीत मात्र खुर्ची नाही. २०२३ मध्ये महिला आरक्षणाचा कायदा लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला, तोही जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून. तिकीट द्यायला कुठल्याही पक्षाला कायद्याची गरज नव्हती आणि नाही.

आत्याच्या शाखेतल्या एक काकू अजून नागपुरात आहेत. त्यांना भेटायचं आहे. चाळीसेक वर्षं त्यांनी प्रत्येक निवडणुकीत काम केलं. कधी स्वतःसाठी तिकीट मागितलं का, आणि नसेल तर का नाही, एवढं त्यांना विचारायचं आहे.