रेसिडेंट

बडोद्याच्या माणसानं ‘रेसिडेंट’ हा शब्द ऐकला की त्याला इंग्रज आठवतो. मला तरी आठवतो, कारण आमचे आजोबा जेवणं झाली की कर्नल फेअरची गोष्ट काढत. 1874 साली, संस्थानावर नजर ठेवायला इंग्रज सरकारनं बसवलेल्या या रेसिडेंटसाहेबाच्या सरबतात विष घातल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला. चौकशी आयोगाचं एकमत झालं नाही, तरी 1875 मध्ये महाराजांची गादी गेली ती गेलीच. आजोबा म्हणत, सरबत साहेबानं ओतून दिलं आणि सांडलं मात्र राज्य.

त्यामुळे 2007 मध्ये मुलानं घरच्या कॉम्प्युटरवर सेकंड लाइफ, म्हणजे इंटरनेटवरची एक आभासी दुनिया, चालू करून दिलं आणि म्हणाला, ‘‘आई, आजपासून तू इथली रेसिडेंट,’’ तेव्हा मला हुद्दा मिळाल्यासारखंच वाटलं. चार दिवसांत कळलं की इथे येणाऱ्या झाडून सगळ्यांनाच रेसिडेंट म्हणतात. राजावर नजर ठेवणं सोडाच, राजा कुठल्या मजल्यावर बसतो तेही आपल्याला ठाऊक नसतं.

राजा म्हणजे लिंडन लॅब, सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी. 2003 च्या जूनमध्ये त्यांनी ही दुनिया लोकांना उघडून दिली. खेळ म्हणावा तर यात जिंकायचं काही नाही. कंपनी जमीन, पाणी, आभाळ देते; बाकी घरं, बागा, अंगावरचे कपडे, नाचायच्या ढबी, सगळं बहुतेक तिथे राहणाऱ्यांनीच केलेलं. सूर्यसुद्धा कंपनीचा. तो चार तासांत आपला दिवस आटपतो, तीन तास उजेड आणि एक तास रात्र. म्हणजे आपल्या एका दिवसात तिथे सहा वेळा दिवेलागण. सासूबाईंनी हे ऐकून विचारलं होतं, मग शुभंकरोति कितीदा म्हणायचं?

कंपनीच्या माणसांचं तिथलं आडनाव लिंडन. आम्ही जुन्या लोकांनी आपापली आडनावं यादीतून निवडली. 2010 नंतर आलेल्यांना यादीच नाही, सगळ्यांचं आडनाव सरसकट ‘रेसिडेंट’. मग 2020 मध्ये आडनावं परत आली, पण पैसे मोजून. आमच्या दांडिया बाजारात चिटणीस, पोतनीस, मुजुमदार ही आडनावं हुद्द्यासोबत आली, त्याला कुणी डॉलर मोजले नव्हते.

दांडिया बाजारातल्याच एका वाड्यात माझं लहानपण गेलं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, भाड्याच्या. मालकांना सगळे काका म्हणत. काका अस्सल मराठी, पण तक्रार ऐकून झाली की उत्तर गुजरातीत देत, ‘‘जोईशुं.’’ जिन्याची पायरी हलते? जोईशुं. न्हाणीघराची मोरी तुंबली? जोईशुं. मराठीत ‘बघू’ म्हटलं की भांडण सुरू होतं, गुजरातीत तेच म्हटलं की संपतं, हे काकांना बरोबर ठाऊक होतं. पण ते राहत वाड्यातच, तळमजल्यावर. चौकात एकच नळ, त्याला सकाळी दीड तास पाणी, आणि त्या रांगेत काकांची पितळी कळशीही असे. सगळ्यांत पुढे असे, पण असे. आणि ती हलणारी पायरी अखेर दुरुस्त झाली, कारण गच्चीवर जायला काकांनाही तिच्यावरूनच जावं लागे.

सेकंड लाइफच्या कारभाराविषयी मला जे काही वाटतं ते या पायरीपासून निघतं.

पहिली दोन वर्षं मी तिथे पोटभाडेकरू होते. कंपनीकडून आख्खं बेट घ्यायचं, त्याचे तुकडे पाडून भाड्यानं द्यायचे, हा तिथल्या काही रेसिडेंटांचा मोठा धंदा. भाडं एका पेटीत लिंडन डॉलरांत टाकायचं; अडीचशेच्या आसपास लिंडन डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर. स्वस्त पडतं म्हणून मी सहा महिन्यांचं आगाऊ टाकलं. महिनाभरानं एका संध्याकाळी घरी जायला निघाले तर भलत्याच माळावर जाऊन पडले. मालक बेट विकून मोकळा झाला होता, आमचं भाडं घेऊन. नव्या मालकानं सगळ्यांचं सामान परत पाठवलं. माझं आख्खं घर एका गाठोड्यात, ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या कप्प्यात. अशा भांडणात कंपनी पडत नाही, रेसिडेंटांचे व्यवहार रेसिडेंटांनी बघावेत हा तिचा पहिल्यापासूनचा नियम. वाड्यात असं झालं असतं तर काकांनी दोघांनाही चौकात उभं केलं असतं. निकाल लागला असताच असं नाही, पण बघायला सगळा वाडा जमला असता.

मग 2009 मध्ये मी वर्षाला 72 डॉलरचं सभासदत्व घेतलं (आमच्या ह्यांना अजून वाटतं ती एखाद्या मासिकाची वर्गणी आहे) आणि ‘मेनलँड’वर, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या खंडावर, 512 चौरस मीटरचा तुकडा ‘विकत’ घेतला. या शब्दाला अवतरणचिन्ह लावायला मला पेनसिल्व्हेनियाच्या एका वकिलानं शिकवलं. 2006 मध्ये कंपनीनं त्याची जमीन आणि खातं काढून घेतलं. लिलावात त्यानं आडवाटेनं स्वस्तात जमीन घेतली असं तिचं म्हणणं. तो कोर्टात गेला. वाद लवादाकडेच न्यायचा ही करारातली अट फार एकतर्फी आहे, असं 2007 मध्ये न्यायाधीशांनी म्हटलं, आणि पुढे दोघांनी तडजोड केली. आता करारात स्वच्छ लिहिलेलं असतं की तुम्ही घेता तो फक्त वापराचा परवाना. पागडीची खोलीच ती. पागडी देणारा माणूसही आयुष्यभर ‘आमची खोली’ म्हणतो आणि भिंतीत खिळा ठोकताना मालकाच्या खोकल्याचा कानोसा घेतो.

जमिनीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे प्रिम. ठोकळा, गोळा, नळकांडं असे मूळ आकार, ते जोडून जोडून सगळं करायचं, आणि त्यांचं रेशन असतं. पूर्ण प्रदेश 256 मीटर लांब, तेवढाच रुंद, त्यावर तेव्हा 15,000 प्रिम. त्रैराशिक मांडा, माझ्या वाट्याला 117 येतात. आणि मला बांधायचा होता वाडा! चौदा पायऱ्यांचा जिना, तिथेच चौदा गेले. एक प्रिम दहा मीटरहून लांब होत नसे, त्यामुळे मोठी तुळई सांधून करावी लागली. झोपाळ्याच्या कड्या खऱ्या करायला घेतल्या तर एका कडीला एक प्रिम. शेवटी लांब नळकांड्यावर कड्यांचं चित्र डकवलं. चौरंगाला पाच लागतात, फळी आणि चार पाय, म्हणून घरात चौरंग नाही. तुळस दोन चपट्या पत्र्यांवर पानांचा फोटो लावून केली. लांबून बरी दिसते. जवळ जाऊन प्रदक्षिणा घातली की अधूनमधून दिसेनाशी होते.

2016 मध्ये कंपनीनं मेनलँडचं रेशन दीडपट केलं आणि माझे 117 चे 175 झाले, त्याच भाड्यात. मी मनापासून दुवा दिला आणि वाड्यावर गच्ची बांधली. हे मुद्दाम सांगते, कारण आम्हा भाडेकरूंना वाढ तारीखवार आठवते आणि सूट आठवत नाही.

गच्चीवरून 2008 ची गोष्ट. ‘ओपनस्पेस’ नावाचे हलके प्रदेश कंपनी स्वस्तात देत असे. समुद्र दाखवा, रान लावा, होडी फिरवा, एवढ्यापुरते. एका संगणकाच्या एका कोअरवर असे चार प्रदेश बसवलेले, प्रत्येकी 3,750 प्रिम. लोकांनी काय केलं असेल? घरं बांधली, दुकानं थाटली, नाचाचे अड्डे काढले. चारांतल्या एकानं गर्दी जमवली की बाकीचे तिघे चिखलातून चालल्यासारखे चालायचे. मग ऑक्टोबरमध्ये कंपनीनं जाहीर केलं की महिन्याचे 75 डॉलर आता 125 होणार. केवढा ओरडा झाला! तिथल्या तिथे मोर्चे, फलक. शेवटी वाढ टप्प्यांनी करायचं ठरलं आणि राहण्याजोग्या प्रदेशांचा वेगळा प्रकार काढला.

आमच्या काकांनीही गच्ची दिली होती ती पापड-कुरडया वाळवायला. एका बिऱ्हाडानं ऊन लागतं म्हणून पत्रा टाकला. मग वारा लागतो म्हणून बाजूनं गोणपाट. मग त्यांचा मेव्हणा अभ्यासाला येऊन बसला तो दोन परीक्षा नापास होईस्तोवर तिथेच राहिला. काकांनी भाडं वाढवलं तेव्हा सगळा वाडा मेव्हण्याच्या बाजूनं, ज्यांचे पापड ओले राहिले होते तेसुद्धा. त्यामुळे त्या वेळी कंपनीचं दुखणं मला कळत होतं. पण मेव्हणा पहिल्या दिवशी दिसतो. त्याच दिवशी वर येऊन ‘‘हे काय चाललंय?’’ एवढं विचारलं की पुढचं टळतं. महिनोन्‌महिने मुकाट बसायचं आणि मग एकदम नोटीस लावायची, हा कारभार मला पटत नाही, काकांचाही पटला नव्हता.

मुळात ओरडल्यावर ही कंपनी ऐकते, असा तिचा लौकिक होता. अगदी पहिल्या वर्षी, 2003 मध्ये, प्रत्येक बांधलेल्या वस्तूवर कर होता. जास्त बांधाल तितका जास्त कर. तेव्हा लोकांनी, कराच्या निषेधात चहाची खोकी समुद्रात फेकणाऱ्या बॉस्टनकरांची आठवण काढून जागोजाग चहाची प्रचंड खोकी रचली आणि निषेध केला. वर्ष संपायच्या आत तो कर गेला आणि जमिनीवर आकारणी आली. आपण केलेल्या वस्तूचा हक्क आपला, हेही त्याच सुमाराला ठरलं. मी तेव्हा नव्हते, पण जुनी मंडळी ही हकिकत लढ्यातल्या माणसांसारखी सांगतात.

पूर्वी लिंडन आडनावाची माणसं येता-जाता दिसत. ठरलेल्या वेळी बसत, लोक जाऊन गाऱ्हाणी मांडत. 2010 च्या जूनमध्ये कंपनीनं तीस टक्के माणसं कमी केली. बैठका अजून होतात, पण माझ्या बोळात शेवटचा लिंडन कधी आला ते सांगता येणार नाही. दिसतात ते ‘मोल’. रस्ते, पूल, रेल्वे बांधणारं एक खातं आहे, त्याचं नावच सार्वजनिक बांधकाम खातं, आणि रेसिडेंटांतूनच कंत्राटावर घेतलेल्या त्या कारागिरांचं आडनाव मोल. रस्ते उत्तम करतात. बांधकाम खात्याविषयी असं वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहिते आहे.

दूरचा मालक आम्हा बडोदेकरांना नवा नाही. सयाजीराव महाराज महिनोन्‌महिने युरोपात असत, राज्य चालायचं. त्यांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून आणवला आणि त्याच्याकडून वाचनालयांची घडी बसवून घेतली. तेव्हा अमेरिकेतून माणूस आला होता. आता अमेरिकेतून नियम येतात, आणि मंगळवारी संध्याकाळच्या सुमाराला ‘हा प्रदेश पाच मिनिटांत पुन्हा सुरू होईल’ अशी पाटी येते. मी झोपाळ्यावरून उठते, भाजी फोडणीला टाकते, परत येते तोवर वाडा जागच्या जागी असतो.

खरा वाडा नाही. तिथे आता पाच मजली इमारत आहे, खाली मोबाइलची दुकानं.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या खोलीतली शोभा आली, माझ्या वाड्यात. ती कॅनडात असते. नवं खातं काढलं म्हणून नावापुढे ‘रेसिडेंट’, केस निळे, आणि चालता येईना म्हणून भिंतीला धडकत. जिना चढली, मधे थांबून पायऱ्या मोजल्या. झोपाळ्यावर बसली. तुळशीला प्रदक्षिणा घालताना तुळस गायब झाली तेव्हा पोटभर हसली. मग चौकाच्या मधोमध उभं राहून तिनं लिहिलं, ‘‘नळ कुठाय गं?’’

मी हिशेब बघितला. 175 पैकी 175.

‘‘जोईशुं,’’ मी लिहिलं.

ती गेल्यावर जिन्याच्या वरच्या दोन पायऱ्या काढल्या. एकीचा नळ केला. दुसरीची पितळी कळशी केली आणि रांगेत सगळ्यांत पुढे ठेवली, मागे रांग नसली तरी.