कव्हराखालचे हूक

"मामा, ही बसंनाच झालीया. तुम्हीच बघा की जरा," असं म्हणत नंदगडच्या त्या पोराने डिकीतून भलंमोठं खोकं काढलं. आत लहान मुलाची कार सीट. पुण्याच्या मेव्हण्याने पाठवलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे सात महिन्यांच्या लेकीचं जावळ काढायला जोतिबाला निघायचं होतं. बायको आणि आई मागे बसलेल्या, बाळ आजीच्या मांडीवर, दुपट्यात गुंडाळलेलं.

बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ माझं सीट कव्हरचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. या गाडीची कव्हरं माझ्याच हातची, दिवाळीत घातलेली. बकेट-फिट, तपकिरी, दुहेरी शिवण. मागच्या सीटवर बोटं फिरवत मी मनातल्या मनात स्वतःचंच कौतुक करायलो होतो.

पोरगा म्हणाला, "पुढंच बसवा. एसी लागंल तिला, माझं लक्षबी राहील."

मी हो म्हणून पुढचं दार उघडलं, सीट उलटी ठेवून पट्टा ओढून बघितला. मग खोक्यातलं पुस्तक चाळलं. दुसऱ्याच पानावर चित्र होतं: पुढची सीट, पाठमोरं बसवलेलं बाळ, फुगलेली एअरबॅग आणि त्यावर लाल फुली. हे चित्र मी पाहिलं होतं. उन्हाच्या झडपेवर कंपनी चिकटवते तो पिवळा स्टिकर. गिऱ्हाइकाला तो नको असतो, म्हणून हेअर ड्रायरने गरम करून मीच काढून देतो. या गाडीचाही काढला होता. झडपेवर गोंदाचा डाग अजून होता.

पूर्वी पुढच्या डाव्या सीटला एअरबॅग बऱ्याच गाड्यांत नसायचीच, तेव्हा हे खपून गेलं. 2022 पासून मात्र नव्या कारला ती सक्तीची आहे. पापणी लवायच्या आत फुगते, आणि उलट्या सीटची पाठ नेमकी तिच्या तोंडाशी येते. मी सीट गुपचूप बाहेर काढली.

"मागंच बसवायची," म्हटलं.

मागे बसवायला गेलो तर खरी गंमत. सीटच्या बुडातून दोन लोखंडी हात येतात. गाडीत पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत सहा मिलिमीटरच्या सळ्यांचे दोन हूक असतात, एकमेकांपासून 28 सेंटिमीटरवर. त्यांना आयसोफिक्स म्हणतात. हात त्यात अडकले की 'खट्' वाजतं. आमचं काही केल्या वाजेना. फटीत बोट घातलं तर लेदरखाली काहीतरी टणक लागलं. माझ्याच कव्हराने दोन्ही हूक गाडले होते, वर दुहेरी शिवण घालून.

पोराला वाटलं सीटच खराब आहे. मी ब्लेड घेतलं.

मी शिवण उसवत असताना आजी सुरू झाल्या, "एवढा खटाटोप कशाला? माझी चार पोरं मांडीवरच वाढली की!"

"आई, आता हजार रुपये दंड हाय," पोरगा म्हणाला. ते खरंच आहे. 2019 च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी सीट नसेल तर एक हजार. पण दंडाने आजी कशाला बधतात!

माझी मुलगी डिप्लोमा करते. तिला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. ती म्हणाली, "ताशी 50 ने जाणारी गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आठ किलोचं बाळ शंभर किलोच्या वर ओढ घेतं."

"आजी, म्हणजे क्विंटलचं पोतं," मी म्हटलं.

आजींनी आयुष्यभर भाताची पोती पाहिलेली. त्या नातीकडे बघत राहिल्या. मग स्वतःचे दोन्ही हात बघितले. "क्विंटल कुठला राहतोय हातात," एवढंच म्हणाल्या आणि बाळ सुनेकडे दिलं.

दोन चिरा पाडल्या, कडा आत दुमडून शिवल्या. जाड मॅट काढली, कारण सीटचा आधाराचा पाय थेट गाडीच्या तळावर टेकायला हवा होता. मग दोनदा खट्, खट्. लाल खूण हिरवी झाली. बाळाला दुपट्यासकट बसवायला लागले, तेव्हा सुनेनेच पुस्तकातलं चित्र दाखवलं: आधी पट्टे अंगाला लावायचे, दुपटं वरून. खांद्यावरचा पट्टा चिमटीत येईना झाला तेव्हा तो पुरेसा आवळला गेला. बाळाने दोन मिनिटं भोकाड पसरलं, मग आजींचं बोट धरून गप्प झालं.

पैसे घेतले नाहीत. घेणार कुठल्या तोंडाने?

वंटमुरी घाट, निपाणी, कागल, त्यांचा दुसऱ्या दिवशीचा रस्ता डोळ्यांपुढे येत राहिला. रात्री दुकान बंद करताना बिलबुकं काढली. त्याच मॉडेलच्या एकतीस गाड्या सापडल्या. पहिला फोन लावला.

"आमच्यात लहान मूल नाही हो," समोरचा म्हणाला, "पण कव्हर फुकट बदलून देणार असशील तर उद्या येतो."