कुणी पकडलं नव्हतं, तरी का सांगितलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ‘चूक कुणाच्या लक्षातही आली नव्हती, मग छापून आलेला संशोधनाचा पेपर स्वतःहून मागे का घेतलात?’ घरचे विचारतात, विद्यार्थी विचारतात. परवा दादरच्या पुलावर एका जुन्या सहकाऱ्यानेही तेच विचारलं.

अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचं जनुक तुमच्या डोळ्यातल्या पेशीतही आहे, पण अल्ब्युमिन बनतं ते यकृतात. डीएनए तोच, मग ते जनुक तिथेच का चालू होतं? माझी सगळी वर्षं या प्रश्नात गेली. डीएनएच्या ज्या तुकड्याने जनुक चालू होतं असं वाटतं, तो काजव्याच्या ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या जनुकापुढे जोडायचा, पेशींत सोडायचा आणि प्रकाश किती पडतो ते मोजायचं. आमचा तुकडा यकृताच्या पेशींत झळकत होता. त्या पेशी मी जपल्या होत्या. 37 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, दर दोन-तीन दिवसांनी मीडिया, म्हणजे पेशींचा पोषणद्रव, बदलायचा. अनंत चतुर्दशीला लालबागच्या गर्दीतून वाट काढत परळच्या लॅबमध्ये जाऊन मी मीडिया बदललेला आहे.

शेजारच्या टेबलावरची एक मुलगी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर काम करत होती. त्या कर्करोगामागच्या एचपीव्ही-18 विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचणीला तिला निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे विषाणू नसलेला नमुना, हवा होता. माझ्या विद्यार्थिनीने आमच्या पेशींचा डीएनए दिला. संध्याकाळी दोघी चाचणीच्या जेलचा फोटो घेऊन दारात उभ्या राहिल्या. ‘मॅडम, आपल्यातही बँड आलाय.’ बँड म्हणजे विषाणू असल्याची पट्टी. यकृताच्या पेशींत हा विषाणू कशाला असेल? मी चिडले. पाणी बदला, पिपेट बदला, पुन्हा करा. तीनदा केलं. तिन्ही वेळा बँड तिथेच. मग डीएनएची ओळखचाचणी करून घेतली. आमच्या पेशी यकृताच्या नव्हत्याच, त्या हीला नावाच्या पेशी होत्या. 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी रुग्णाच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या आणि तेव्हापासून प्रयोगशाळांत वाढत राहिलेल्या.

पेशी दुसऱ्या प्रयोगशाळेतून आल्या होत्या, बाटलीवरचं नाव आम्ही घातलेलं नव्हतं. हे मी आजही सांगते आणि ते खरं आहे. पण हीला इतक्या जोमाने वाढतात की एखादी चुकून दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेली तरी मूळच्या पेशींना मागे टाकते, हे काही गुपित नव्हतं. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ स्टॅनली गार्टलर यांनी 1966 सालीच प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींची कित्येक कल्चर प्रत्यक्षात हीला असल्याचं दाखवलं होतं. ‘चँग लिव्हर’ ही यकृताची म्हणून जगभर वापरली गेलेली पेशींची लाइनसुद्धा हीलाच निघाली. हे मी वर्गात शिकवलेलं आहे.

आणि याहून वाईट म्हणजे, दोन वर्षं आधी आमच्या पेशी स्वतः अल्ब्युमिन जवळजवळ बनवत नाहीत हे मला दिसलं होतं. ‘कल्चरमध्ये पेशी आपला मूळ स्वभाव विसरतात,’ असं मी वहीत लिहिलं. असं होतंही, म्हणून तर ते कुणाला खटकलं नाही. ती वही उघडली की ते लिहिणाऱ्या तेव्हाच्या त्या बाईशी माझं भांडण होतं. तपासायला एक दुपार पुरली असती. ती म्हणते, प्रकाश तर पडत होता ना?

पडत होता. पण कुठल्या पेशीत, हाच तर माझा प्रश्न होता. पेशीच दुसरी निघाल्यावर त्या पेपरात काय उरलं? म्हणून मागे घेतला. याला धाडस म्हणू नका, मला ते ऐकवत नाही. माझी नोकरी पक्की होती. पेपरावर पहिलं नाव माझ्या विद्यार्थिनीचं होतं आणि तिचा प्रबंध त्यावर उभा होता. तिची दोन वर्षं वाढली, फेलोशिप संपली, शेवटचे महिने तिने शिकवण्या घेऊन काढले.

गेल्या दिवाळीत तिला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, ‘मॅडम, चूक कळवलीत ते बरोबरच. पण संपादकांना आधी आणि मला नंतर, असं का?’

संपादकांना ते पत्र मी रविवारी रात्री पाठवलं होतं, सोमवारी ती लॅबमध्ये यायच्या आत. तिचा चेहरा पाहिला असता तर माझ्याने ते पाठवलं गेलं नसतं. हे तिला अजून कळवलेलं नाही.