उथर वेशीवरून परत का गेला?

मे महिन्यात भाचा चंद्रपूरहून आला. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या आमच्या घरी दुपारी बारानंतर कोणी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. कूलरमध्ये पाणी भरायचं, खिडकीला ओली चादर लावायची आणि आत पडून राहायचं. त्याचा वेळ जाईना, म्हणून जुन्या लॅपटॉपवर ‘वॉरक्राफ्ट थ्री’ लावून दिला. २००२ सालचा खेळ. बारावीत असताना इंदोरा चौकाजवळच्या एका सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन मी तो पूर्ण केला होता.

तिसऱ्या दिवशी भाचा खेळातल्या स्ट्रॅटहोम शहराशी पोचला आणि तिथं अडला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आर्थस हा लॉर्डरॉनचा राजपुत्र, आणि ‘सिल्व्हर हँड’ नावाच्या धर्मयोद्ध्यांच्या संघाची दीक्षा घेतलेला पॅलाडिनही. संघाचा प्रमुख उथर त्याचा गुरू. म्हणजे धर्मात उथर वरचा आणि राज्यात आर्थस वरचा. राज्यात धान्यातून रोग पसरतो. अंदोरहालच्या कोठारांतून पोती गावोगावी जातात. ते धान्य जो खातो तो मरतो, आणि मेलेला उठून जिवंतांवर धावतो. हे घडवणारा केलथुझाद हाही एका पंथाचा प्रमुखच, अमरत्वाची आशा दाखवून भक्त जमवणारा. त्याच्याविषयी मला फार बोलायचं नाही. त्याचा गुन्हा उघड आहे.

स्ट्रॅटहोममध्ये धान्य आधीच वाटून झालेलं असतं, लोकांच्या पोटात गेलेलं असतं. वेशीबाहेर आर्थस म्हणतो, आख्खं शहर मारावं लागेल. उथर नकार देतो. तू राजा असतास तरी हा हुकूम मी मानला नसता, असं तोंडावर सांगतो. आर्थस त्याला देशद्रोही ठरवतो आणि पॅलाडिनांना सेवेतून काढतो. उथर आपल्या माणसांना घेऊन निघून जातो. राजपुत्राची जवळची जेना, तीही जाते. मग पडद्यावर आर्थस उरतो, त्याच्यामागे उभे राहिलेले शिपाई उरतात, आणि माऊस आपल्या हातात येतो.

काम असं असतं: घरं फोडायची, आतून लोक बाहेर आले की मारायचे. बाहेर येतात तेव्हा ती साधी माणसं असतात, थोड्या वेळानं त्यांचं प्रेत होऊन चालू लागतं. शहराच्या दुसऱ्या बाजूनं मालगानिस नावाचा राक्षस हीच माणसं आपल्याकडे ओढत असतो. कोपऱ्यात दोघांचे आकडे चढत जातात. ज्याचे आधी १०० होतील तो जिंकला.

भाच्याचा आकडा आठवर गेला आणि हात थांबला. “मामा, हे तर अजून माणसंच हायत. काहून मारून राह्यलो आपण?”

मी काहीच बोललो नाही. सतरा वर्षांचा असताना मी ते १०० झपाट्यानं पूर्ण केले होते आणि बाजूच्या खुर्चीवरच्या पोराला अभिमानानं दाखवले होते. त्यातल्या एकाही घराचं दार मला आठवत नव्हतं.

त्यानं आर्थसला वेशीजवळ नेऊन उभं केलं आणि माऊस सोडून दिला. मालगानिसचा आकडा वाढत वाढत १०० वर गेला, हरलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा उभं केलं, पुन्हा हरलो. तिसऱ्यांदा तो नकाशाच्या कडाकडांनी फिरायला लागला.

“काय शोधतो?”

“उथर. तो कुठं गेला?”

“तो गेला.”

“गेला म्हणजे? याईले इथंच सोडून?”

बाजूला आई सूप घेऊन गहू निवडत होती. खडा टाकल्याचा आवाज तेवढा येत होता.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. या खेळावर बोलताना आम्ही सगळे वर्षानुवर्षं आर्थसवरच भांडलो. त्याच्याकडे दुसरा मार्ग होता का, रोग खरंच बरा होणारा नव्हता का, शंभर वाचवायला दहा मारणं चालतं का. उथरला आम्ही न वाचताच पास केलं. त्यानं नकार दिला, हात स्वच्छ राहिले, विषय संपला.

पण त्या वेशीबाहेर आर्थसला ‘तू पॅलाडिन आहेस’ असं म्हणू शकणारा माणूस एकच होता. त्याचा गुरू तोच होता. त्याच्यासोबत हत्यारबंद, कसलेले लोक होते. तो दरवाजात आडवा उभा राहू शकत होता. आर्थसच्या शिपायांकडे वळून, तुम्ही जे करायला निघालात ते पाप आहे, असं त्यांना सांगू शकत होता. त्यानं पाठ फिरवली. फिरलेल्या पाठीमागं शहर होतं.

कायद्यालाही हा प्रश्न पडलेला आहे. जपानी जनरल यामाशिता याला २३ फेब्रुवारी १९४६ रोजी फाशी झाली. फिलिपिन्समध्ये त्याच्या सैन्यानं केलेल्या कत्तली त्यानं रोखल्या नाहीत, हा आरोप होता. निकालावर आजही वाद आहे, पण हाताखालच्यांना आवरलं नाही याची जबाबदारी सेनापतीवर येते हे सूत्र तिथून पक्कं झालं. संघाच्या नियमानं आर्थस उथरच्या हाताखालचाच होता.

माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, पांढऱ्या कपड्यात. बाबासाहेबांनी आधी स्वतः भन्ते चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखोंना दिली, हे सांगताना ते ‘आधी स्वतः’ या दोन शब्दांवर थांबायचे. रोहिणी नदीच्या पाण्याची गोष्टही त्यांनीच सांगितली, बाबासाहेबांनी मांडली तशी. शाक्य आणि कोलियांचं पाण्यावरून भांडण झालं आणि शाक्यांच्या सेनापतीनं त्यांच्या संघात, म्हणजे सभेत, युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थ उभा राहिला. दोन माणसं त्यांची, दोन आपली, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा, असं त्यानं सुचवलं. बहुमतानं तो हरला. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव आला तेव्हाही तो नाही म्हणाला. घरच्यांवर बहिष्कार टाकू, जमीन जप्त करू, अशी धमकी आली. तेव्हा तो म्हणाला, शिक्षा मला एकट्याला द्या, आणि परिव्राजक होऊन गेला.

म्हणजे गेला तर सिद्धार्थही. यावर मी दोन रात्री विचार केला. तो सगळ्यांसमोर बोलून, मार्ग सुचवून, हरून गेला, आणि जाताना शिक्षा स्वतःवर ओढून गेला. उथर गेला तेव्हा शिक्षा शहराला झाली.

उथरवर अन्याय नको, म्हणून पुढचंही सांगतो. तो हातावर हात ठेवून बसला नाही. त्यानं राजाकडे जाऊन सैन्य परत बोलवायला लावलं. तोवर आर्थस बर्फाळ नॉर्थरेंडमध्ये पोचला होता आणि शहर जळून गेलं होतं. शेवटी राजाच्या अस्थींचा कलश राखताना उथर आर्थसच्याच हातून मेला. त्याला भित्रा म्हणायची माझी हिंमत नाही. पण मरायची तयारी त्या दिवशी वेशीवर दाखवली असती तर?

संध्याकाळी बाबांना सांगितलं. बाबा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. अंगणात पाणी मारता मारता त्यांनी सगळं ऐकलं. “आर्मी ॲक्टमध्ये कलम ४१ हाय. हुकूम मोडला तर शिक्षा. पण त्यात लिवलंय, हुकूम कायदेशीर पाहिजे.” मग विचारलं, “त्या राजपुत्राच्या जवानांचं पुढं काय झालं?”

मी सांगितलं. परतीचा हुकूम येताच जवान जहाजांकडे निघाले. ते पोचायच्या आत आर्थसनं भाड्याचे सैनिक लावून जहाजं जाळली, आणि जवान पोचल्यावर बोट त्याच भाडोत्र्यांकडे दाखवलं, यांनीच जाळली, मारा यांना. जवानांनी मारलं.

बाबांनी पाइप खाली ठेवला. “शहराचं मले समजत नाई, तिथं त्याले काय दिसलं त्यालेच ठाऊक. पण हे? आपल्या हुकमाचं खापर हाताखालच्यावर? हा साहेब नाई. याच्या मागं एक पाऊल टाकू नये.” चुलीवरच्या भांड्याला हात लागावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. नोकरीतलं काही आठवलं असेल. मी विचारलं नाही.

भाचा पायरीवर बसून ऐकत होता. “आजोबा, उथर नाही म्हणाला ते त्या जवानाईनं ऐकलं असन का?”

“कुठं उभे होते ते?”

“तिथंच. आर्थसच्या मागं.”

बाबांनी पाइप पुन्हा उचलला, तुळशीच्या बुडाशी धरला.

“मग ऐकलं असन.”