करणारच होते, तेवढ्यात...

मेथीची जुडी सोडली, पेपर पसरला, मुळांची माती झटकली आणि बैठक मारणार, इतक्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, ‘‘अगं, तेवढी मेथी निवडून ठेवतेस का?’’

संपलं. निवडायची इच्छा जी गेली ती गेलीच. ‘‘हो, घेतेच,’’ म्हणाले आणि पंख्याखाली जाऊन मोबाइल उघडला.

सासूबाईंना बोल लावण्यात अर्थ नाही, त्यांचंही असंच आहे. बीपीच्या गोळ्यांची पट्टी हातात असते, अंगठा गोळीवर टेकलेला असतो, आणि मी नेमकं विचारते, ‘‘आई, गोळी घेतलीत का?’’ झालं! पट्टी परत डब्यात. ‘‘घेईन गं सावकाश.’’ मैत्रिणीनं ‘वाचच’ म्हणून हातात कोंबलेली कादंबरी माझ्या कपाटात उभी आहे. तीच मला रद्दीच्या दुकानात सापडली असती तर रात्री जागून संपवली असती.

जॅक ब्रेम नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६६ साली या खोडीवर अख्खी उपपत्ती मांडली. आपल्या मर्जीचा एखादा कोपरा कुणी बळकावतंय असं वाटलं की माणूस तो परत मिळवायला धडपडतो, मग कोपरा केवढा का असेना. मेथीएवढाही चालतो.

बी.एड.ला आम्हाला ब्रेम नव्हता. मॅस्लो होता, तोही मानसशास्त्रज्ञच. माणसाच्या गरजांचा पाच थरांचा त्याचा तो त्रिकोण आमच्या वर्गात प्रत्येकीनं पट्टी लावून काढला आणि रंगीत पेन्सिलींनी रंगवला. खाली अन्नपाणी, मग सुरक्षितता, मग माया, मग मान, आणि टोकाला आपल्यात जे आहे ते फुलवणं. पुढे कधीतरी कळलं की मॅस्लोनं १९४३ साली जो लेख लिहिला त्यात त्रिकोण नाहीच. तो नंतर मॅनेजमेंटवाल्यांनी काढला. आमचे मार्क मात्र त्रिकोणालाच होते. आता मेथी खालच्या थरातली, हे उघड आहे. पण ती निवडायला सांगितल्यावर येणारा राग कुठल्या थरात घालायचा?

त्या रागापेक्षा मला जास्त कुतूहल हौसेचं वाटतं. ती कशी जाते ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय.

सातारा जिल्ह्यात आमचं आजोळ. मे महिना संपत आला की पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायला काढायच्या. बियाणं म्हणून हातानंच, दाण्याचं साल दुखावता कामा नये. सोप्यात शेंगांचा ढीग, भोवती बायका, आणि त्यांच्या मध्ये घुसून आम्ही पोरं. शेंगेची चोच अंगठ्यानं दाबली की ‘टच्’ आवाज व्हायचा. संध्याकाळपर्यंत नखं हुळहुळायची, फ्रॉकमध्ये टरफलाचा भुगा जायचा, तरी उठवत नसे. कारण बायकांच्या गप्पा. गावातल्या कुणाचं काय बिनसलंय ते त्या आमच्यासमोर बिनधास्त बोलायच्या. निम्मे दाणे आमच्या पोटात जायचे. एखाद्या दिवशी आजीला वाटलं तर ती हातावर गुळाचा खडा ठेवायची, नाही तर नाही.

एका वर्षी तात्यांनी, म्हणजे मामांनी, कौतुकानं जाहीर केलं, ‘‘पोरांनो, शेराला चार आणे!’’

दुसऱ्या दिवसापासून सोप्यात बाजार भरला. गप्पांकडे कुणाचं लक्ष नाही. तोंडात टाकलेला दाणा म्हणजे तोटा, म्हणून खाणं बंद. बाळ्यानं मापाच्या तळाशी टरफलं भरली आणि वर दाणे पसरले. ते पकडलं गेलं. मग माझ्या ढिगात तुझा हात का, यावरून बहिणीबहिणींत झिंज्या ओढणं. पुढच्या वर्षी तात्यांनी वैतागून पैसे बंद केले. बाळ्यानं सोप्याच्या दारातूनच विचारलं, ‘‘यंदा काय भाव?’’ भाव नाही म्हटल्यावर आम्ही सगळे चिंचेखाली खेळायला गेलो.

मार्क लेपर हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी यांनी हेच अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मांडून दाखवलं. तो निबंध १९७३ चा. चित्रं काढायची मुळात आवड असलेली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढ, सोनेरी चांदणी आणि लाल फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. आठवडा-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तेच स्केचपेन समोर ठेवले, तेव्हा ही मुलं इतरांच्या मानानं जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढत बसली. ज्यांना प्रशस्तिपत्र न सांगता, अचानक मिळालं होतं, त्यांची हौस शाबूत होती. आजीच्या गुळात आणि तात्यांच्या चार आण्यांत फरक होता तो एवढाच.

पैसे काढून घेतले तरी जुनं परत येत नाही, याचाही पुरावा आहे. इस्रायलमधल्या हायफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दहा शेकेल दंड लावून पाहिला. उशीर करणारे जवळपास दुप्पट झाले. पैसे भरतोय ना, मग लाज कसली! दंड रद्द झाला, उशीर तसाच राहिला. तो निबंध २००० सालचा, म्हणजे आमचे तात्या बरेच आधीचे.

हे सगळं मी वर्गात रंगवून सांगायचे, शेंगांसकट. मुली हसायच्या.

त्या सोप्यातल्या बायका मात्र हौसेनं येत नव्हत्या, मापावरच येत होत्या. एकीबरोबर तिची मुलगी असायची, साधारण माझ्याच वयाची. तिनं फोडलेले दाणे आईच्या मापात पडायचे. तिचा अंगठा आमच्या सगळ्यांपेक्षा झरझर चालायचा आणि ती दाणा तोंडात टाकत नसे. आम्हाला चार आणे लागू झाले तेव्हा तिचा वेग वाढला नाही, आमचे बंद झाले तेव्हा कमी झाला नाही. लेपरनं मोजलं होतं ते मूल मोकळ्या वेळात आपणहून काय उचलतं ते. तिचं ते मोजणार कसं? आम्ही चिंचेखाली गेलो त्या वर्षीही ती सोप्यातच बसली होती.