सी हॉक रंगवताना

माझ्या हातून पूर्ण झालेले पहिले विमान जेमतेम सतरा सेंटिमीटर लांबीचे आहे, आणि ते उभे राहायला मे महिन्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ लागला. प्रत्यक्ष हात चालला तो सगळा मिळून तीस-पस्तीस दिवस असेल. बाकीचे दिवस सुकण्याची, ऊन पडण्याची आणि मधल्या काळात मीच केलेली चूक निस्तरण्याची वाट पाहण्यात गेले.

हे किट मी स्वतःसाठी घेतले नव्हते. मे महिन्याच्या सुट्टीत भाचा फोंड्याला आमच्याकडे राहायला येणार होता, म्हणून एका जुन्या छांदिष्टाकडून सी हॉक या नौदलाच्या जुन्या लढाऊ जेट विमानाचे १/७२ प्रमाणाचे प्लॅस्टिकचे किट घेऊन ठेवले होते. त्याने पहिल्या दिवशी डबा उघडला, वैमानिकाचे आसन चिकटवले, दुसऱ्या दिवशी स्प्रूवरून, म्हणजे सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, तीन भाग पिळून तोडले आणि तिसऱ्या दिवशी "मावशी, हे तूच कर" असे सांगून तो नदीवर पोहायला गेला. डबा टाकून देणे मला जमले नाही, आणि त्याला कारण होते. माझे लहानपण चिखलीला, दाबोळीच्या धावपट्टीच्या अगदी शेजारी गेले. नौदलाची सी हॉक विमाने १९८३पर्यंत तिथून उडत होती; त्याच वर्षीच्या डिसेंबरात सी हॅरियर आली आणि आम्हा मुलांचे सगळे लक्ष जागच्या जागी तरंगणाऱ्या त्या नव्या विमानाकडे गेले. सी हॉककडे मात्र पुन्हा कोणी पाहिले नाही, असे मला उगीचच वाटत राहिले होते.

ज्यांनी हे विमान पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते, कारण जोडणीतील निम्म्या अडचणी त्याच्या घडणीतूनच येतात. सी हॉकला रोल्स-रॉईसचे एकच नीन इंजिन असते, पण त्याचा झोत शेपटीतून बाहेर न पडता दुभंगून दोन्ही पंखांच्या मुळाशी मागच्या बाजूने बाहेर पडतो, त्यामुळे धडाचा मागचा भाग इंधनासाठी मोकळा राहतो. किटमध्ये याचा अर्थ असा की धडाचे डावे-उजवे अर्ध, पंखांची मुळे आणि झोताची दोन तोंडे हे सगळे सांधे एकाच ठिकाणी येऊन भिडतात, आणि जुन्या साच्यात ते नीट भिडत नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी धड जोडले. यासाठी वापरायचा पातळ सिमेंट हा खरे म्हणजे डिंक नव्हेच. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन्ही कडा एकमेकींत मिसळून एक होतात. दोन अर्ध हातात घट्ट धरायचे, भिजलेला बारीक ब्रश सांध्याला नुसता टेकवायचा, आणि सिमेंट आपणहून फटीतून पुढे पुढे धावत जातो. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी ते कारण नसताना चार वेळा करून पाहिले. विमानाच्या नाकात मासेमारीच्या दुकानातून आणलेल्या शिशाच्या गोळ्या भरल्या, कारण सी हॉक पुढच्या चाकावर उभे राहणारे विमान आहे आणि वजन दिले नाही तर किट शेपटीवर बसते. किती वजन लागेल ते मोजण्याची पद्धत सोपी आहे: सगळे भाग टेपने तात्पुरते बांधायचे, मुख्य चाकांच्या जागी काडीचा आधार द्यायचा आणि नाक खाली झुकेपर्यंत एकेक गोळी वाढवायची. माझ्या किटला सात ग्रॅम लागले. मी नऊ घातले.

कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण मी घाईत सुपरग्लूने लावले आणि तासाभरात ते आतून धुके पडल्यासारखे पांढरे झाले. सुपरग्लू हवेतील ओलाव्यानेच घट्ट होतो. त्याच्या वाफा जवळच्या पारदर्शक भागावर बसतात, आणि गोव्यात जूनमध्ये ओलाव्याला तोटा नसतो. झाकण निघाले, हे माझे नशीब. कानात घालायच्या कापसाच्या काडीवर टूथपेस्ट घेऊन ते आतून तासभर घासले तेव्हा ते पुन्हा काचेसारखे झाले. नंतर साध्या फेविकॉलने लावले. फेविकॉल सुकल्यावर दिसत नाही, आणि चुकला तर ओल्या बोळ्याने पुसता येतो.

यापुढे जे झाले त्यावर मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण समुद्रकाठी राहून हा छंद करणाऱ्या प्रत्येकावर हा प्रसंग कधी ना कधी येणार.

सांधे भरून, घासून झाल्यावर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारायचा असतो. त्यासाठी मागवलेली बाटली आली नव्हती. रंग ज्वलनशील असल्यामुळे कुरियरवाले तो विमानाने पाठवत नाहीत, आणि विमानाचा रंग विमानाने येत नाही म्हणून मी पंधरा दिवस रस्त्याकडे डोळे लावून बसले होते. शेवटी धीर सुटला आणि गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून करड्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) प्रायमरचा डबा व थिनर आणला. जुलैमधली ती एक उघडीप असलेली संध्याकाळ होती. एअरब्रशने मारलेला पहिला थर ओला असताना फारच देखणा दिसला, आणि मी विमान तसेच खिडकीत ठेवून झोपले. सकाळी पाहते तर डाव्या पंखावर आणि धडाच्या पाठीवर पिठाचा हात पुसल्यासारखे पांढुरके डाग पडले होते. बोट फिरवले तर थर खरखरीत लागत होता.

आमच्या गल्लीच्या टोकाला गाड्या रंगवणारा एक मेस्त आहे. त्याला पंख नेऊन दाखवला तेव्हा तो हसला नाही, ही त्याची सभ्यता. "बाब, पावसात एनसी मारायचा नसतो, हवेतले पाणी रंगात बसते," असे म्हणताना त्याने मलाही सवयीने, पुरुषांना म्हणतात ते 'बाब' म्हणून टाकले. मग त्याने नीट समजावले. थिनर झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग गार पडतो. हवा दमट असेल तर त्या गार पृष्ठभागावर दंव साचते आणि थर सुकताना ते आत अडकून पांढरे दिसते. यावर त्याच्याकडचा उपाय म्हणजे सावकाश उडणाऱ्या थिनरचा एक हलका फवारा: वरचा पापुद्रा पुन्हा थोडा विरघळतो, अडकलेले पाणी निघून जाते आणि डाग उतरतो.

उपाय बरोबर होता. पण मेस्त पत्र्यावर रंग मारतो आणि मी पॉलिस्टायरीनवर मारत होते. एनसी थिनर हे प्लॅस्टिक खातो. धडावर मी फवारा लांबून, धुक्यासारखा दिला आणि तिथले डाग खरोखर गेले. डाव्या पंखावर मात्र हात जवळ गेला, थिनर ओघळला आणि पंखाच्या खालच्या बाजूवरील पत्र्यांच्या जोडांच्या रेषा अंगठ्याएवढ्या भागात लोण्यासारख्या मऊ होऊन पसरल्या. नवे कोणतेही द्रावण आधी स्प्रूच्या तुकड्यावर टाकून पाहावे, हे या छंदातील प्रत्येक जण पहिल्याच दिवशी सांगतो. मलाही सांगितले गेले होते.

त्यानंतर मी डबा बंद केला. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली होती, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतात तिच्या सामानाला खोली हवी होती, आणि माझे टेबल तसेही हलवावेच लागणार होते. विमान कपड्यांच्या कपाटात गेले. आमच्याकडे रेशमी साड्यांना बुरशी येऊ नये म्हणून त्या कपाटाच्या तळाशी पंधरा वॅटचा एक दिवा दिवसभर जळत असतो. सी हॉकने तीन महिने साड्यांच्या शेजारी काढले. याच काळात मी शंभर-दीडशे रुपयांचा एक आर्द्रतामापक घेतला. ऑगस्टमध्ये तो बहुतेक दिवशी ८५ टक्क्यांच्या खाली उतरला नाही. तेव्हापासून माझा नियम ठरला: कापणे, जोडणे, लांबी (पुट्टी) भरणे आणि घासणे पावसात; रंगाला हात दिवाळीनंतर. घासायचे काम तर पावसातच करावे, कारण वॉटर पेपर पाण्यात बुडवूनच वापरायचा असतो आणि धूळ उडत नाही.

नोव्हेंबरमध्ये विमान बाहेर काढले. बिघडलेला भाग आधी ६०० आणि मग १००० नंबरच्या वॉटर पेपरने सपाट केला. पुसल्या गेलेल्या रेषा आता नव्याने कोरायच्या होत्या. जाड लेबल-टेपची पट्टी कडेला चिकटवून तिच्या आधाराने सुईचे टोक ओढायचे असते, तेही अजिबात जोर न देता, आठ-दहा वेळा. सहा रेषा छान आल्या. सातव्या रेषेला पट्टी सरकली आणि सुई पंखाच्या कडेपर्यंत तिरकी गेली. तो ओरखडा भरून पुन्हा घासायचा म्हणजे शेजारच्या सहा रेषाही गमवायच्या. मी तो तसाच ठेवला.

रंग ठरवण्यासाठी मी दोनदा बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन आले. १९९८पासून असलेल्या या संग्रहालयात सी हॉक उघड्या आवारात उभे आहे. घडण पाहायला त्याच्याइतका चांगला संदर्भ नाही: पंखांच्या दुमडण्याचा सांधा, शेपटीखालचा हुक आणि झोताच्या तोंडांची कडा मला छायाचित्रांतून कधीच कळली नसती. रंगासाठी मात्र उन्हापावसात उभ्या असलेल्या विमानावर विसंबू नये, असे माझे मत आहे. नौदलाच्या सी हॉकची मूळ रंगसंगती ब्रिटिश पद्धतीची, म्हणजे वर एक्स्ट्रा डार्क सी ग्रे आणि खाली स्काय हा फिका हिरवट रंग. हम्ब्रॉल या रंगांच्या कंपनीच्या यादीत हे अनुक्रमे १२३ आणि ९० क्रमांकाचे रंग. टामिया या दुसऱ्या कंपनीत स्कायसाठी एक्सएफ-२१. मी टामियाचा स्काय घेतला. वरच्या करड्यात थोडा पांढरा मिसळला, कारण इतक्या लहान पृष्ठभागावर डब्यातला गडद रंग जवळजवळ काळाच दिसतो.

डिसेंबरच्या सकाळी नऊ ते अकरा ही वेळ मला सर्वांत मानवली. कॉम्प्रेसरमधील हवेचा दाब १५ ते १८ पीएसआयवर, मधल्या नळीवर पाणी अडवणारी छोटी बाटली, रंग दुधाइतका पातळ आणि एअरब्रश पृष्ठभागापासून चार बोटांवर. आधी खालचा स्काय मारून तो दोन दिवस सुकू दिला, मग धडाच्या कडेने मास्किंग टेप लावला. इथे एक युक्ती सांगण्यासारखी आहे: टेप लावल्यावर त्याच्या कडेवर पुन्हा एकदा स्कायचाच पातळ थर मारावा. कडेखाली झिरपायचे ते स्काय झिरपते, फट बंद होते आणि नंतरचा करडा आत शिरत नाही. टेप काढताना मी श्वास धरला होता. रेषा चाकूने कापल्यासारखी आली.

भारतीय चिन्हांचा डेकल कागद (पाण्यात भिजवून त्यावरची चिन्हे उतरवून लावायची असतात) वेगळा मिळवला होता, पण तो इतका जुना होता की वर्तुळांमधला पांढरा भाग चहाच्या डागासारखा पिवळा पडला होता. तो मी पारदर्शक पिशवीत घालून दक्षिणेकडच्या खिडकीच्या काचेला तीन आठवडे चिकटवून ठेवला. उन्हाने पिवळेपणा खरोखर उतरतो. चिन्हे लावण्यापूर्वी चकचकीत थर द्यावाच लागतो, कारण खरखरीत मॅट रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि त्याची कडा चंदेरी चमकते. या वेळी पाण्याने पातळ होणारा अॅक्रिलिक थर वापरला. शेपटीवर ३०० क्रमांकाच्या तुकडीचे पांढऱ्या वाघाचे चिन्ह बसवताना तासभर गेला. वाघ माझ्या करंगळीच्या नखापेक्षा लहान आहे. याच तुकडीच्या सी हॉकनी ४ डिसेंबर १९७१ला विक्रांतवरून उडून कॉक्स बझारवर हल्ला केला होता. योगायोगाने मी वाघ लावला तो डिसेंबरच, पण तारीख एकोणतीस होती.

जानेवारीत जोडांच्या रेषांत टर्पिनने पातळ केलेला गडद तैलरंग सोडला, वरचा पुसून काढला, आणि फेब्रुवारीच्या एका कोरड्या सकाळी, मापकाचा काटा ५८वर असताना, शेवटचा मॅट थर मारला. त्यावर कुठेही पांढुरकी झाक आली नाही हे मी रात्री टॉर्च घेऊन दोनदा तपासले.

होळीला भाचा आला. त्याने विमान उचलले, नाक-शेपटी पाहिली, वाघ पाहिला, मग ते उलटे केले आणि डाव्या पंखाखालच्या तिरक्या रेषेवर बोट ठेवून विचारले, "मावशी, इथे काय झाले?" मी त्याला जुलैची गोष्ट सांगितली. त्याने ती पूर्ण ऐकली, आणि जाताना अलिझे या नौदलाच्या दुसऱ्या जुन्या विमानाचे किट मिळते का ते बघून ठेवायला सांगितले. ते आता आले आहे. त्याच्या धडाचे अर्ध टेपने बांधून ठेवले आहेत, बाहेर पाऊस कोसळतो आहे आणि रंगाच्या बाटल्या साड्यांच्या कपाटात बंद आहेत.