घुमा कोरल

"मेलाय का गं तो?" आईने टाकीच्या काचेला नाक लावत विचारलं.

तो म्हणजे आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला लेदर कोरल, सार्कोफायटन नावाचं मऊ प्रवाळ. एरवी अळंबीसारखा पसरलेला आणि वर बारीक पॉलिप (कोरलचे फुलासारखे इवले जीव) डुलत असलेले. सध्या सगळे पॉलिप आत, अंग आक्रसलेलं.

पाणी तपासलं: खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २६ अंश, अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची ताकद) जागच्या जागी. क्लाउनफिश छळतोय म्हणावं तर तो तिकडे फिरकतही नाही. मग टॉर्च मारून नीट पाहिलं. सगळ्या अंगावर मेणचट चकाकी आणि एका कडेला झिरझिरीत पापुद्रा सुटून पाण्यात लोंबतोय. म्हणजे साहेब कात टाकतायत! अंगावर बसलेलं शेवाळ, कचरा हा कोरल असा पापुद्र्यासकट फेकून देतो. तोवर बंद.

बुडाशी काळा, मऊ पडलेला डाग असता किंवा कुजका वास आला असता, तर घाबरले असते. आत्ता फक्त पंपाचं तोंड जरा त्याच्या बाजूला वळवलं, म्हणजे पापुद्रा वाहून जाईल, आणि फिल्टरमधला कार्बन (पाण्यातली रसायनं शोषणारा कोळसा) बदलला. (हे महाशय शेजारच्या कोरलना सोसत नाहीत अशी रसायनं पाण्यात सोडतात. दिसायला गरीब!)

ओळखीतल्या प्रत्येकाने मात्र काहीतरी करायलाच सांगितलं. आयोडीन घाल, दिवा बदल, जागा हलव.

आई म्हणाली, "घुमा होऊन बसलाय, बसू दे की. घरातल्या माणसांना तरी कुठे बसू देता तुम्ही? लगेच 'काय झालं, काय झालं'!"

यावर मी काय बोलणार?

तुमच्याकडचा लेदर जास्तीत जास्त किती दिवस बंद राहिलाय?